सोमवारी बंद पडणारी गाडी

मी पदार्थविज्ञान शिकवायचो, हे आधीच कबूल करून टाकतो. मग पुढचं वाचताना माझी दया यायला जागा उरणार नाही. हिंगोलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात बारा वर्षं मी पोरांना विद्युतधारा शिकवत होतो. फळ्यावर बॅटरी काढायची, तिला दोन तारा, मधे एक बल्ब, आणि धारा कुठून कुठं जाते ते बाणानं दाखवायचं. माझ्या फळ्यावरचा बल्ब बारा वर्षांत एकदाही विझला नाही. त्यामुळे वीज आपल्याला ओळखते, आपण वाटेत भेटलो तर नमस्कार करते, असा माझा समज झाला होता. तो समज एका वीस वर्षं जुन्या गाडीनं एका पावसाळ्यात आणि निम्म्या हिवाळ्यात उतरवला.

गाडी घेण्याचं कारण माझी बायको. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, आणि तिची नेमणूक पुसेगावला. आम्ही राहायला हिंगोलीत. सकाळची एसटी एक तर इतकी लवकर, की शाळेच्या पायरीवर शिपायाची वाट पाहत बसावं लागे. नाही तर इतकी उशिरा, की प्रार्थना, हजेरी आणि एक तास उरकलेला असे. मधल्या वेळेला जीप असायची, पण ती भरल्याशिवाय हलत नसे, आणि ती भरली असं जीपवाल्याला कधीच वाटत नसे. म्हणून मी वसमतच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून ही गाडी आणली. दुधात हळद टाकल्यासारखा तिचा रंग, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. सकाळी मी हिला शाळेत सोडायचं, परत येऊन कॉलेज गाठायचं, संध्याकाळी ती मिळेल त्या वाहनानं येणार, अशी व्यवस्था.

तेव्हा आमचा जिल्हा होऊन थोडाच काळ झाला होता. नवीन जिल्हा म्हटला की नवीन उत्साह असतो, आणि तो उत्साह पहिल्यांदा शिक्षकांवर काढतात. शिक्षकांनी मुख्यालयी राहायचं, म्हणजे जिथं शाळा त्याच गावात मुक्काम करायचा, हा नियम जुनाच होता. तो नव्यानं काढून, झटकून, सगळ्या शाळांना पाठवला गेला. हिचे हेडमास्तर तसे माणूस सज्जन. वेळेवर येणारा कुठून येतो हे मी बघत नाही, असं त्यांनी हिला सांगितलं होतं. पण उशीर झाला तर बघावं लागेल, आणि बघितलं तर वर कळवावं लागेल. मग पुसेगावला खोली करण्यावाचून इलाज नव्हता. आमची मुलगी चार वर्षांची, रोज आईबरोबरच शाळेत जायची. खोली झाली की ती आईबरोबर जाणार, हे ठरवायची गरजच नव्हती. मी हिंगोलीच्या घरात एकटा, फळ्यावरच्या बल्बासारखा.

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती एका सोमवारी. शनिवारी अर्धी शाळा सुटली की आम्ही कनेरगाव नाक्याच्या अलीकडं आत असलेल्या आमच्या तांड्यावर जायचो. तिथं माझे आईवडील, म्हणजे याडी आणि बापू, शेती बघून असत. रविवार तिथं काढायचा आणि सोमवारी सकाळी मधल्या कच्च्या रस्त्यानं थेट पुसेगाव. त्या दिवशी निम्म्या वाटेवर एका ओढ्याच्या उतारावर मी गाडी सावकाश केली आणि तिनं प्राण सोडला. किल्ली फिरवली तर काही नाही. हॉर्न नाही, दिवा नाही, सेल्फचा खट् असा आवाजसुद्धा नाही. मी बॉनेट उघडून आत बघितलं आणि गंभीर चेहरा केला. ही खाली उतरली, घड्याळ बघितलं आणि लगेच परत एकदा बघितलं. तिचं दोनदा घड्याळ बघणं मला लग्नापासून माहीत आहे.

मागून भरलेली जीप आली. मी कॉलेजात काय शिकवतो हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. जीपवाला मान बाहेर काढून म्हणाला, "सर, पोरायला करंट शिकवता अन् सोताच्या गाडीत करंट न्हाई व्हय?" जीपमधले सगळे, टपावरचे दोघे धरून, हसले. ही मुलीला घेऊन त्या जीपमध्ये बसली आणि अर्ध्या तासाच्या उशिरानं शाळेत पोचली. इकडे मी सगळ्या तारा एकेक करून हलवल्या, मग सगळ्या एकदम हलवल्या, आणि गाडी सुरू झाली. कुठल्या तारेनं झाली ते कळलं नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, हे मी दरवर्षी जूनमध्ये पहिल्याच तासाला सांगत असे.

हिंगोलीत वाशिम रोडला एक वायरिंगवाले मिस्तरी होते. लिंबाच्या झाडाखाली एक टपरी, टपरीत एक बाकडं, बाकड्यावर तारांची जाळी. त्यांची पद्धत ठरलेली. गाडी आली की काहीही न विचारता आधी बॅटरी उघडायची, तिच्या डोक्यावरच्या दोन्ही टर्मिनलवर गरम पाणी ओतायचं, घासायचं, आवळायचं, आणि मगच विचारायचं, काय झालंय. पूजेआधी हातपाय धुवावेत तसं. त्या दिवशी ते म्हणाले, टर्मिनल ढिला होता सर, आवळला, न्या गाडी.

मला हे पटलं नाही. अख्खी गाडी मरते आणि कारण काय, तर एक ढिला नट? इतक्या छोट्या बिघाडासाठी मी एवढं शिकलो नव्हतो. मी त्यांना डायनॅमोबद्दल, त्यातून येणाऱ्या विद्युतदाबाबद्दल आणि तो सांभाळणाऱ्या कटआउटबद्दल दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी बिडी संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, तुमी म्हणता तर कटआउट बदलतो. बदललं. पंधरवडाभर गाडी घड्याळासारखी चालली. मी ही घटना बारावीच्या वर्गात उदाहरण म्हणून सांगितली. पोरांनी वहीत लिहून घेतली.

दोन सोमवारांनंतर गाडी पुन्हा त्याच कच्च्या रस्त्यावर, ओढ्याच्या थोडं पुढं, मेली. मिस्तरींनी गरम पाणी ओतलं, घासलं, आवळलं, आणि म्हणाले टर्मिनल ढिला होता. मी म्हणालो, तो तर तुम्हीच आवळला होता, नट काय पंधरा दिवसांत आपोआप ढिला होतो? ते म्हणाले, व्हायला नको, पण झाला खरा. मी म्हणालो, म्हणजे ते कारण नाही, तो परिणाम आहे. ह्या वाक्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण तेव्हा ते म्हणताना फार बरं वाटलं. आम्ही किल्लीचा स्विच बदलला. गाडी चालली. वर्गात जाऊन मी आधीचं उदाहरण दुरुस्त केलं. पोरांनी वहीत खाडाखोड केली. त्याच्या पुढच्या महिन्यात सेल्फचा रिले बदलला तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "सर, हे पेनानं लिहू का पेन्सिलनं?"

आता मला खरोखर कुतूहल वाटायला लागलं होतं. राग असा येत नव्हता. गाडीत कुठंतरी काहीतरी दडून बसलंय आणि ते माझ्याशी खेळतंय, असं वाटायचं. मी एक दोनशे पानी वही केली. तारीख, वार, हवा, पाऊस, रस्ता, गाडीत कोण कोण होतं, दिवे लावले होते की नाही, सगळं लिहायला लागलो. महिनाभरानं वही चाळली तर दिसलं की गाडी फक्त सोमवारीच मरते. मी वही हिला नेऊन दाखवली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, हे मला वही न करता माहीत होतं, शाळेत उशिराची लाल खूण सोमवारीच पडते.

पण कारण काय? मी विचार केला, रविवारभर गाडी उभी असते. उभ्या गाडीतून कुठूनतरी विजेची गळती होत असणार, नळाला तोटी नीट न लावल्यासारखी. दीड दिवसात बॅटरी रिकामी होत असणार. सिद्धांत इतका देखणा होता की एक रविवार आम्ही तांड्यावर न जाता हिंगोलीतच राहिलो आणि मी गळती शोधली. सगळे फ्यूज काढले, एकेक लावला, मधे छोटा बल्ब जोडून करंट कुठं जातो ते बघितलं. डॅशबोर्ड अर्धा उघडून मांडीवर घेतला. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारून गेल्या, गाडी विकायला काढली का. गळती सापडली नाही, पण जोडताना चार स्क्रू उरले. सोमवारी गाडी अगदी झोकात पुसेगावला गेली. मी निष्कर्ष काढला की दोष त्या चार स्क्रूंतच होता.

पुढच्या आठवड्यात तांड्यावर गेलो. सोमवारी गाडी मेली.

त्या दिवशी हेडमास्तरांनी हिला खोलीत बोलावलं. ते तिला जे बोलले ते तिनं मला संध्याकाळी जसंच्या तसं सांगितलं: "बाई, माझा बी नाइलाज हाय. आणखी एक सोमवार असा गेला तर मी वर कळवीन. त्यापेक्षा तुमी आधीच खोली बघून ठेवा." हिनं मधल्या सुट्टीत खोली बघितलीही होती. पिठाच्या गिरणीमागं, एका म्हाताऱ्या बाईची; पुढं पडवी, पडवीत शेळी. मुलीला शेळी फार आवडली होती. घरी आल्यापासून ती शेळीचंच सांगत होती, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता ऐकत होतो.

आता वहीचा अर्थ मी नव्यानं लावला. हिंगोलीत मुक्काम केला की गाडी ठीक, तांड्यावर केला की बंद. म्हणजे नाक्यापासून तांड्यापर्यंतचा तो दगडगोट्यांचा रस्ता. दणक्यांनी नट ढिला होतो. शेवटी मी मिस्तरींच्या नटापाशी येऊन पोचलो होतो, पण शास्त्रीय मार्गानं. मी नटाखाली एक स्प्रिंगचा वॉशर घातला, म्हणजे तो हलणार नाही. आणि हलला तर कळावं म्हणून हिच्या नखांच्या लाल रंगानं नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. घाईत बाटली कलंडली. ही म्हणाली, असू द्या, लग्नात मिळालेली बाटली आहे, एवढी वर्षं कुणाच्या नखाला लागली नाही, नटाला तरी लागू दे.

त्याच्या पुढच्या सोमवारी शाळेला स्थानिक सुट्टी होती, ते आमचं नशीब. कारण तांड्यावरून हिंगोलीला परत येताना नाक्याच्या अलीकडं गाडी मेली. मी बॉनेट उघडलं. नटावरची लाल रेघ भलत्याच दिशेला. आणि वॉशर नटाखाली नव्हताच. तो बॅटरीच्या शेजारी, पत्र्याच्या कडेवर, नीट ठेवलेला होता. रस्त्याचे दणके नट ढिला करू शकतात, हे मी मान्य करतो. पण रस्ता नट काढून, वॉशर बाजूला ठेवून, नट परत बसवत नाही.

म्हणजे माणूस. कोण? हिंगोलीत माझ्या गाडीच्या बॅटरीला हात लावणारा एकच माणूस होता. मी तसाच मिस्तरींच्या टपरीवर गेलो आणि, आज लिहितानाही कान तापतात, त्यांना म्हणालो की गाडी पुन्हा पुन्हा यावी म्हणून कुणीतरी मुद्दाम हे करतंय. नाव घेतलं नाही, पण बघितलं त्यांच्याकडंच.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या तळहातावरचा वॉशर उचलला, उजेडात धरला आणि विचारलं, कुठं सापडला. मी सांगितलं. मग म्हणाले, "मी काढला असता तर डब्यात टाकला असता सर. चोरानं काढला असता तर फेकला असता. ज्यानं काढला त्याला तुमची वस्तू हरवायची नव्हती." वॉशर माझ्या हातात परत ठेवून त्यांनी बॅटरीवर गरम पाणी ओतायला घेतलं, आणि पाठमोरेच म्हणाले, "तो माणूस तुमचं भलं बघणारा हाय. घरात विचारा."

मला गाडीच्या कुठल्याही बिघाडानं इतकं लहान केलं नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी असू द्या सर, असू द्या एवढंच म्हटलं आणि चहा सांगितला.

पुढचा सोमवार शाळेचा होता, आणि हेडमास्तरांनी सांगितलेला शेवटचा. तांड्यावर न जाणं हा सोपा उपाय होता. हिनं तो सुचवला. पण मला त्या हाताचा शोध लावायचा होता. कोण, आणि काय म्हणून? ही म्हणाली, शोध लावा, पण सोमवारी मी वेळेवर पोचले नाही तर मंगळवारी ट्रंका भरते. मी हो म्हणालो.

शनिवारी तांड्यावर पोचलो. बापूंनी गाडीसाठी गोठ्याला लागून सावलीची जागा करून ठेवली होती, ती सारवून घेतलेली असे. गाडी उभी केली, याडीनं चहा ठेवला. नेहमी मी चहा पिऊन बाजेवर आडवा व्हायचो. त्या दिवशी पोट दुखतंय म्हणालो आणि मागून फिरून गोठ्यापलीकडच्या कडब्याच्या गंजीआड जाऊन बसलो. दिवस अजून मावळला नव्हता. कडबा अंगाला टोचत होता, एक कोंबडी माझ्याकडं संशयानं बघत होती, आणि बारावीला शिकवणारा माणूस स्वतःच्या गाडीवर पाळत ठेवून बसला होता.

फार वेळ लागला नाही. बापू आले. त्यांनी बैलांना पेंड घातली, एकाच्या पाठीवरून हात फिरवला, मग त्याच हातानं गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. बॉनेट उघडलं. डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीतून माझाच पाना काढला. नट सैल केला, तार उचलून बाजूला केली, आणि जवळच्या चिंधीनं बॅटरीवरची धूळ पुसली. पुसताना काहीतरी बोलत होते. मग मागं न बघता म्हणाले, "कडब्यामागं काहून बसून राहिलास? पोट लईच बिघडलं व्हय?"

मी अंगावरचा कडबा झटकत बाहेर आलो. बापू आमच्या तांड्याच्या बोलीत बोलत होते, मी ते इथं मराठीत लिहितो. मी विचारलं, बापू, हे काय करताय?

"सोडून ठिवतो हिला. रातभर जुंपून ठिवायची व्हय?"

आणि मला आठवलं. गाडी पहिल्यांदा तांड्यावर आणली तो दिवस. चाळीस-पन्नास माणसं भोवती जमलेली, आणि मी बॉनेट उघडून भाषण देत होतो. शिकवायची सवय, उदाहरण सापडलं की मला आवरत नाही. बॅटरीवर हात ठेवून मी म्हणालो होतो, इंजिन नाही, हाच खरा बैल. ही तार लावली की गाडी जुंपली, ही तार काढली की सुटली. लोकांनी माना डोलावल्या, मला फार बरं वाटलं. बापू अगदी पुढं उभे होते. ते लक्ष देऊन ऐकत होते, आणि माझ्या आयुष्यात माझं व्याख्यान इतक्या लक्ष देऊन ऐकणारे ते एकटेच निघाले.

आमच्या घराण्यात बापूंच्या आज्याच्या पिढीपर्यंत बैलांच्या पाठीवर गोण्या लादून माल वाहायचा धंदा होता. तो धंदा गेला, शेती आली, पण मुक्कामाला पोचल्यावर आधी जनावराच्या अंगावरचं सगळं उतरवायचं आणि मग माणसानं पाणी प्यायचं, हा रिवाज घरात राहिला. बापूंनी तो गाडीला लावला. आम्ही चहा पीत असताना ते गाडी सोडायचे, आणि सोमवारी सकाळी आम्ही पिशव्या भरत असताना जुंपायचे. कुणाला सांगायचं काय त्यात? बैल सोडला हे कुणी सांगत बसतं का?

मी म्हणालो, पण बापू, परत लावताना नट घट्ट आवळत का नाही?

ते माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी बैलाला शिंगं पुढं असतात की मागं असं विचारलं. म्हणाले, "जुंपताना मानेपाशी दोन बोटं ढील सोडत्यात. न्हाईतर काचतं. इथं दोन बोटं मावत न्हाईत, म्हणून नखभर सोडतो." वॉशरचंही तेच. तो अगदी गळ्याशी रुतत होता, म्हणून त्यांनी काढून ठेवला होता, हरवू नये अशा जागी.

डायनॅमो, कटआउट, रिले, गळती, चार स्क्रू, नखाचा रंग. सगळं त्या नखभर ढिलाईत मावलं. मला हसू येत होतं. एवढ्या मायेनं केलेल्या कामाला बिघाड कसं म्हणायचं? मी ओहमच्या नियमापासून सुरुवात करायला तोंड उघडलं, तेवढ्यात ही मुलीला शोधत तिथं आली. सोडलेली तार, बापूंच्या हातातला पाना आणि माझा चेहरा, एवढं बघून तिला सगळं कळलं.

तिनं पाना मागून घेतला. म्हणाली, "बापू, ही मान न्हाई. हे आचळ हाय. गाईचं आचळ सैल धरलं तर दूध येईल का?"

बापूंनी विचार केला. म्हणाले, न्हाई येणार.

"मग हे बी घट्टच धरायचं. याला काचत न्हाई."

पंधरा वर्षं चौथीच्या पोरांना शिकवणारी बाई ती. मी वर्षभर जे समजावू शकलो नसतो ते तिनं पाच वाक्यांत समजावलं. मग तिनं जे मी सांगणार नव्हतो तेही सांगितलं, आवाज न चढवता: ही तार ढिली राहिली म्हणून गाडी वाटेत मेली, शाळेत उशीर झाला, आणि परवा परत झाला तर तिला पुसेगावला खोली करावी लागेल.

बापूंनी सोडलेली तार उचलून धरली. मग विचारलं, "लेकरू बी जाईल?"

"जाईल."

त्यांनी तिच्या हातातून पाना परत घेतला. तार बसवली, वॉशर ठेवला, नट लावला, आणि ताकद लावून आवळायला लागले. नट थांबला तरी थांबेनात. मी म्हणालो, बापू, पुरे, तुटेल. ते म्हणाले, "तू गप. तुझ्याच सांगण्यानं झालंय हे."

तो रविवार गाडी जुंपलेलीच उभी राहिली. बापूंना ते बघवत नव्हतं. दोनदा जाऊन त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि दोनदा परत आले. सोमवारी सकाळी आम्ही निघालो तर ते धुतलेलं धोतर आणि तांबडा फेटा घालून मागच्या सीटवर आधीच बसलेले. कुठं निघालात विचारलं तर म्हणाले, पुसेगावला, गुरुजींना भेटायला. ही मुलीला घेऊन पुढं बसली, उतरा म्हणाली नाही.

ओढ्याच्या उतारावर मी गाडी सावकाश केली. इंजिनाचा आवाज खाली आला, गाडी जरा घुटमळली, आणि पुढं चढ चढून गेली. मागून बापूंनी सुस्कारा सोडल्याचं ऐकू आलं.

आम्ही इतक्या लवकर पोचलो की शाळेला कुलूप होतं. शिपाई आला, त्यानं उघडलं. हिनं फळा पुसला, हजेरीचं पुस्तक काढलं. बापू व्हरांड्यात हेडमास्तरांच्या खोलीसमोर मांडी घालून बसले, मी शेजारी. पोरं आली, रांगा झाल्या, प्रार्थना झाली. हेडमास्तर आले नव्हते. प्रार्थना हिनंच घेतली. पहिला तास उरकला तेव्हा ते फाटकातून आत आले. घामानं भिजलेले, हातात पिशवी, आणि वरच्या खिशात एसटीचं तिकीट. ती उशिराची एसटी हिंगोलीहून यायची; लवकरची त्यांची त्या दिवशी चुकली असावी. मुख्यालयी म्हणून त्यांनी गावात जी खोली कागदावर दाखवली होती, तिचं कुलूप किती दिवसांत उघडलं नव्हतं ते मला नंतर कळलं.

ते आम्हाला बघून थबकले. बापू उठले, हात जोडले आणि म्हणाले, "गुरुजी, सूनबाईला उशीर व्हत व्हता तो माझ्यामुळं. मी गाडी सोडून ठिवत व्हतो. काय लिहून द्यायचं आसंल तर सांगा, मी अंगठा देतो." हेडमास्तरांना यातलं काही समजलं नसावं. ते नुसतेच हो हो म्हणाले. बापूंनी त्यांच्या घामेजल्या सदऱ्याकडं, पिशवीकडं बघितलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "तुमची बी गाडी कुणी सोडून ठिवली व्हती का?"

मी जमिनीकडं बघितलं. वर्गातून हिचा पाढे म्हणून घेण्याचा आवाज मधेच थांबला आणि परत सुरू झाला. हेडमास्तरांनी खिशातलं तिकीट हळूच आत ढकललं. मग बापूंना खुर्ची दिली, शिपायाला चहा आणायला पाठवलं आणि मला बाजूला घेऊन, भिंतीवरच्या नकाशाकडं बघत विचारलं की मी सकाळी हिंगोलीहून साधारण किती वाजता निघतो, आणि मागच्या सीटवर कोण बसतं.

मी वेळ सांगितली, नटाची सगळी हकिकत सांगितली, आणि मागची सीट मंगळवार ते शनिवार रिकामी असते हेही सांगितलं.

गिरणीमागच्या म्हाताऱ्या बाईला खोली नको असल्याचा निरोप त्यांनीच दुपारी शिपायाकडून पाठवला. मुलगी शेळीसाठी दोन दिवस रडली. बुधवारी सकाळी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवली, तेव्हा हेडमास्तर पिशवी घेऊन उभे होते, घड्याळ बघत. मागचं दार उघडून आत बसता बसता त्यांनी हिला विचारलं, बाई, गाडी आवळून घेतली ना?